आंबेनळीचा उतार आणि न बोललेल्या तीन गोष्टी

रविवारी सकाळी महाडच्या एका छोट्या गॅरेजात मेकॅनिकनं मागच्या ब्रेकचं ऑइल काढायचा निपल सैल केला. पारदर्शक नळीतून बाटलीत जे उतरलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. नवं ब्रेक ऑइल फिकट पिवळं असतं, जवळजवळ तिळाच्या तेलासारखं. मेकॅनिकनं बाटली उजेडात धरली आणि दादाला विचारलं, "साहेब, हे कधी बदललंय?" दादा म्हणाला, "सर्व्हिसिंग तर वेळच्या वेळी करतो." मेकॅनिक म्हणाला, "इंजिन ऑइल बदलतात हो सगळे. हे कुणी सांगितल्याशिवाय कुणी बदलत नाही."

आदल्या संध्याकाळी आंबेनळी घाटात काय झालं ते घरी फोनवर सांगताना आम्ही सगळे एकच वाक्य बोलत होतो: "ब्रेक फेल झाला." ते वाक्य खोटं नव्हतं. पण पुण्यात परतल्यावर मी तो सगळा शनिवार तासातासानं कागदावर मांडला, पाचही जणांना एकेकटं विचारलं, आणि मग मला ते वाक्य वापरणं जमेना. ब्रेक जायच्या आधी आमच्यातल्या तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी कळलेल्या होत्या आणि तिघंही गप्प राहिले होते. त्या तिघांत पहिला मी.

मंडळी कोण होती, ते आधी सांगतो, कारण या प्रकरणात नाती महत्त्वाची आहेत. पाच गाड्या, सहा माणसं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वीस-बावीस वर्षं स्कूटर चालवलेला, साडेतीनशे सीसीची गाडी तीन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली, पण ती बहुतेक ऑफिस आणि मंडई एवढीच फिरलेली. मागे वहिनी. मी घाटरस्त्यांवर बारा वर्षं फिरतोय, त्यामुळे लीड माझ्याकडे. माझे ऑफिसातले दोन मित्र आपापल्या गाड्यांवर. आणि सगळ्यांच्या मागे, स्वीपला, आमच्या टीममधला सव्वीस वर्षांचा मुलगा. त्याची गाडी चपळ, हात चांगला, म्हणून त्याला मागे ठेवला. तो दादाला पहिल्या क्षणापासून "सर" म्हणत होता.

बेत साधा होता. शनिवारी पुणे, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, तिथून आंबेनळीनं पोलादपूर आणि महाडला मुक्काम. रविवारी वरंधा घाटानं भोर, आणि घरी. सगळं मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास. सह्याद्री एकदा उतरायचा आणि एकदा चढायचा. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर निवडला, कारण पावसाळ्यात हे दोन्ही घाट भरवशाचे नसतात. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आंबेनळीत दरडी कोसळून रस्ताच जागोजाग खचला होता आणि वाहतूक बराच काळ बंद होती. वरंध्याचा रस्ता तर पावसाळ्यात बंद ठेवायची वेळ दर एक-दोन वर्षांनी येतेच.

सकाळी साडेपाचला निघायचं ठरलं होतं, निघालो पावणेआठला. एकाच्या चाकात हवा कमी, एकाचा रेनकोट घरी राहिलेला, दादाच्या सॅडलबॅगा पहिल्यांदाच लावायच्या म्हणून पट्टे जुळेनात. या सव्वादोन तासांचा हिशेब संध्याकाळी चुकता झाला. तिकडे येतोच.

पहिली गोष्ट मला खंबाटकी घाटात कळली. घाट चढून वर आल्यावर सुरूर फाट्याकडे उतार लागतो. मी जरा हळू झालो होतो, मागचे जवळ यावेत म्हणून. दादाची गाडी माझ्या उजवीकडून पुढे गेली आणि तिचा आवाजच आला नाही. त्या गाडीचा आवाज अर्ध्या किलोमीटरवरून ओळखू येतो. इथे फक्त टायरची घरघर आणि वाऱ्याचा आवाज. दादानं गाडी न्यूट्रलला टाकली होती.

आपल्याकडे ही सवय एका पूर्ण पिढीची आहे. उतार लागला की न्यूट्रल, पेट्रोल वाचतं. स्कूटरच्या काळात काहीजण तर इंजिनच बंद करायचे. मला ते ऐकू आलं, कळलं, आणि संध्याकाळी आपल्याला कुठला उतार उतरायचा आहे तेही डोक्यात आलं. वाईत मिसळ खाताना दादा माझ्या शेजारीच बसला होता. "दादा, घाटात न्यूट्रल नको," एवढे चार शब्द होते. पण त्यानं मला सायकल शिकवलेली. वहिनी समोर, ऑफिसातली मुलं समोर. मी पाव मागवला आणि पुढच्या रस्त्याबद्दल बोललो.

वाईहून पसरणीचा घाट चढताना दादा छान चालवत होता. चढाला कुणी न्यूट्रल टाकत नाही, त्यामुळे चढावर हा दोष दिसतच नाही. वर जाताना एका वळणावर थांबून सगळ्यांनी खाली पाहिलं. धोम धरणाचं पाणी सकाळच्या धुरकट उन्हात कथलासारखं पसरलेलं, त्याच्या कडेनं वाईची कौलं आणि उसाच्या हिरव्या चौकटी. वहिनी पहिल्यांदाच मोटरसायकलवरून इतक्या लांब आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाडीच्या काचेतून हे इतक्यांदा बघितलंय, पण वास पहिल्यांदा येतोय." गवत वाळायला लागलं होतं, त्याचा वास होता तो.

पाचगणीत गर्दीत अडकलो. शनिवार, त्यात सुट्ट्या; महाबळेश्वरला जेवायला बसेपर्यंत दोन वाजून गेले. निघालो तेव्हा पावणेचार झाले होते.

महाबळेश्वर गाव समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आणि पोलादपूर अगदी तळात, सावित्रीच्या काठी. ही सावित्री महाबळेश्वरलाच उगम पावते आणि जे अंतर आपण चाळीस किलोमीटर वळणं घेत उतरतो ते ती कड्यावरून उड्या मारत संपवते. रस्ता बाराशे मीटरहून जास्त खाली नेतो. मेटतळ्याच्या बाजूला आधी जंगल, मग डावीकडे दरी उघडत जाते आणि एका वळणावर समोर प्रतापगड उभा राहतो. ही जावळी. 10 नोव्हेंबर 1659 ला याच डोंगराच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. त्या रानात मोठं सैन्य का अडकलं हे पुस्तकात वाचून कळत नाही, हा रस्ता उतरताना कळतं. गडाच्या पायथ्याच्या वाडा गावात चहा घेतला. गडावर जायला वेळ उरला नव्हता. घड्याळात पाच वाजत आले होते.

सकाळच्या सव्वादोन तासांचा हिशेब तो इथे. आंबेनळी कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला उतरते. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच ते सहा या तासात ज्या ज्या वळणानंतर रस्ता मावळतीला तोंड करतो, तिथे ऊन सरळ डोळ्यांत येतं, आणि लगेच पुढच्या वळणावर डोंगराची गार सावली. उजेडातून सावलीत शिरताना दोन-तीन सेकंद रस्त्यावरचं काही दिसत नाही. दादाच्या हेल्मेटची काच जुनी, बारीक ओरखड्यांची. उन्हात तिच्यावर पांढरा पडदाच धरायचा. असं दिसेनासं झालं की माणूस काय करतो? ब्रेकवर पाय ठेवतो आणि काढत नाही.

दुसरी गोष्ट स्वीपच्या मुलाला दिसत होती. नंतर त्यानं मला सांगितलं, "वाडा सोडल्यापासून सरांचा ब्रेक लाइट विझलाच नाही. मला वाटलं स्विच अडकलाय." चार-पाच किलोमीटर तो तांबडा दिवा त्याच्या समोर होता. पुढे जाऊन हॉर्न द्यावा, थांबवावं, असं त्याला वाटलंही. पण सर मोठे, आणि लीडच्या पुढच्या थांब्यावर सांगता येईल.

तिसरी गोष्ट वहिनींच्या नाकाला आली. जळका वास. एक मालाचा ट्रक तेवढ्यात चढत गेला होता, त्यामुळे त्यांना वाटलं ट्रकचाच असेल. पण ट्रक जाऊन दोन वळणं झाली तरी वास गेला नाही. "मी म्हणणार होते," त्या म्हणाल्या, "पण गाडी चालवताना मध्ये बोललेलं यांना आवडत नाही."

आणि मी? मी चारशे मीटर पुढे होतो, आपल्याच लयीत वळणं घेत. घाटात आरशात मागचं वळण दिसतं, मागची माणसं दिसत नाहीत.

पुढचं दादानं सांगितलं तसं लिहितो, कारण त्या आठ-दहा सेकंदांचा साक्षीदार तोच. गाडी न्यूट्रलमध्ये, वेग चाळीस-पंचेचाळीस. समोर उजवं वळण. त्यानं पेडल दाबलं आणि ते नेहमीपेक्षा खाली गेलं. पुन्हा दाबलं, ते थेट तळाला बसलं. "पायाखाली स्पंज आहे असं वाटलं," तो म्हणाला. मग त्यानं गिअर टाकायचा प्रयत्न केला. न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये असतं. वर उचललं तर दुसरा पडतो, खाली दाबलं तर पहिला. सिग्नलला थांबून निघताना आपण हजारदा खाली दाबतो, म्हणून पायाला खाली दाबायचीच सवय. दादानं खाली दाबलं, पहिला पडला, आणि घाबरून क्लच एकदम सोडला. पंचेचाळीसच्या वेगाला पहिला गिअर म्हणजे मागच्या चाकाला पकडून ठेवल्यासारखंच. चाक किंचाळलं आणि गाडीचं मागचं अंग एका बाजूला सरकलं.

त्या क्षणी त्यानं एक गोष्ट अचूक केली. वळण घ्यायचा नाद सोडला आणि गाडी सरळ करून डावीकडे, डोंगराच्या अंगाला घातली. तिथे पावसाळी पाण्याचं गटार होतं, त्यात बारीक खडी आणि पालापाचोळा. पुढचा ब्रेक त्यानं तिथे पहिल्यांदा दाबला. गाडी पंधरा-वीसच्या वेगाला डाव्या कुशीवर पडली, लेग गार्ड आणि सॅडलबॅगेवर घासत सात-आठ फूट गेली आणि थांबली. समोरून त्या वेळी काही येत नव्हतं. ते केवळ आमचं नशीब.

वहिनींचा डावा घोटा बॅगेच्या खाली आला. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, अंगात जाड जॅकेट होतं. दादाचं कोपर सोलवटलं, तेवढंच. वहिनींच्या पायात मात्र सँडल होत्या. सकाळी निघताना बूट घ्या म्हणायचं मला सुचलं नव्हतं.

मी खालच्या एका पुलापाशी थांबलो होतो. दोन मित्र आले. पाच मिनिटं गेली, सात गेली. मोबाइलला रेंज नाही. मागे वळलो. 2018 च्या जुलैत याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली होती आणि त्यातला एकच माणूस वाचला होता. चढताना प्रत्येक वळणावर ते डोक्यात येत होतं.

पोचलो तेव्हा एक एसटी थांबलेली होती. चालक खाली उतरून दादाच्या गाडीजवळ उकिडवे बसले होते. एका मित्रानं ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकाच्या चकतीवर, ओतायला पाण्याची बाटली उघडली, तर त्यांनी हात धरला. "पाणी नका ओतू. वाकडी होईल ती. आपोआप निवू द्या." मागच्या डिस्कवर निळसर झाक आली होती आणि हात वीतभर अंतरावर नेला तरी आच लागत होती. मग त्यांनी दादाकडे बघून शांतपणे विचारलं, "कुठल्या गिअरात उतरत होता?" दादा काही बोलला नाही. चालक म्हणाले, "ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरायचं, साहेब. आमची गाडी बारा-तेरा टनाची आहे. नुसत्या ब्रेकवर उतरवायची म्हटली तर पहिल्याच दिवशी संपलो असतो."

वहिनींना एका वडाप जीपमधून पोलादपूरला नेलं. तिथल्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी घोटा बांधला, महाडला एक्स-रे काढायला सांगितला. हाड शाबूत होतं, मुरगळ मोठी होती. पाऊण तासानं पेडल पुन्हा कडक लागायला लागलं होतं. दादा म्हणाला, "बघ, झाला नीट." मी ती गाडी एकट्यानं, बॅगा काढून, दुसऱ्या गिअरात खाली आणली. पोलादपूरपर्यंत मागच्या ब्रेकला जवळजवळ पाय लावावा लागला नाही.

पेडल आधी गेलं आणि पुन्हा परत आलं, यातच कारण होतं. मागच्या ब्रेकचा हा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

उंचावर नेलेल्या वजनात ऊर्जा साठलेली असते आणि खाली येताना ती कुठेतरी जावीच लागते. गाडी, दोघं माणसं आणि सामान मिळून साधारण 360 किलो धरा. महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंतच्या 1,200 मीटर उतरणीत हे वजन सुमारे 42 लाख ज्यूल ऊर्जा सोडतं. तेवढ्या उष्णतेनं तेरा लिटर गार पाण्याला उकळी येईल. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा यातला मोठा वाटा इंजिन खातं: थ्रॉटल बंद असताना चाक इंजिनला फिरवतं आणि इंजिन त्याला अडवतं. थोडं वारा घेतो, थोडं टायर. न्यूट्रल टाकलं की इंजिन या व्यवहारातून बाहेर जातं आणि उरलेलं सगळं ब्रेकच्या वाट्याला येतं. दोन्ही ब्रेक वापरले तर दोन डिस्कवर वाटून. दादा पुढचा ब्रेक वापरतच नव्हता. "पुढचा दाबला की तोंडावर पडतो," हे स्कूटरवर शिकलेलं त्याच्या हातात पक्कं बसलं होतं. म्हणजे वाड्यापासूनचा सगळा उतार जेमतेम दीड किलोच्या एका पोलादी चकतीवर आला. ती चकतीही मागची. उतारावर ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकाकडे जातं, म्हणजे मागच्या ब्रेकची ताकद तशीही कमीच.

आता ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं, त्याला इलाज नाही. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंशांना उकळतं. ओलावा मुरला की तीच मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, गाडी कितीही कमी चालली असली तरी. दादाच्या गाडीनं तीन पुणेरी पावसाळे त्याच ऑइलवर काढले होते. चकती तापली, तिला दाबणारे पॅड तापले, पॅड धरणारा कॅलिपर तापला आणि आतल्या ऑइलला उकळी आली. ऑइल दाबलं जात नाही म्हणून पेडलचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते, म्हणून दादाच्या पायाखाली स्पंज. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल झालं, पेडल कडक लागलं, आणि सगळं ठीक झाल्यासारखं वाटलं. पुन्हा तितकंच तापलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं.

एक प्रश्न दादानं स्वतःच विचारला: "अरे, पण याला एबीएस आहे ना?" हा गैरसमज फार जणांचा आहे. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे सव्वाशे सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस ब्रेकचा दाब क्षणभर सोडून चाक अडकू देत नाही, एवढंच त्याचं काम. दाबच तयार होत नसेल तर सोडणार काय? आणि ते किंचाळलेलं मागचं चाक ब्रेकनं नाही, इंजिननं अडकलं होतं. त्यावर एबीएसचा हात चालत नाही.

रविवारी सकाळी एक निर्णय घ्यायचा होता. ऑइल बदलून झालं, दोन्ही ब्रेकचं. पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ते नवे टाकले. मित्रांचं म्हणणं, दादाची गाडी टेम्पोत घालावी आणि सगळ्यांनी सरळ हायवेनं जावं. मला ते पटलं नाही. महाडहून वरंधा म्हणजे चढ. बिरवाडी, वरंध, माझेरी करत रस्ता सगळा वर जातो, तिथे ब्रेकला जवळपास सुट्टी असते. माथ्यावरून भोरकडे उतार आहे, पण देशावरचा उतार कोकणातल्या उतारासारखा खोल नसतो. थोडं उतरून रस्ता नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेनं जात राहतो. दादाचा आत्मविश्वास तुटलेल्या अवस्थेत गाडी टेम्पोत गेली असती, तर ती पुढची दोन वर्षं पार्किंगमध्ये राहिली असती, असं मला वाटत होतं. तो निर्णय मी दादावर सोडला. त्यानं वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही गाडीनं या. मी एसटीनं येते, पाय लांब करून." त्यांच्याबरोबर एक मित्र गेला, त्याची गाडी महाडलाच ठेवून. पुढच्या आठवड्यात तो ती घेऊन आला.

वाघजाईपाशी भजी खायला थांबलो, खाली शिवथरच्या बाजूची दरी निळी पडली होती, तेव्हा मी दादाला शेवटी ते सांगितलं. खंबाटकीला मला तुझी गाडी न्यूट्रलमध्ये ऐकू आली होती. तो बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "मग तेव्हाच का नाही बोललास?" मी म्हणालो, "तू दादा आहेस." तो म्हणाला, "म्हणून तर बोलायचं."

माथ्यावरून भोरपर्यंत तो माझ्या लगेच मागे होता. मी दर वळणाआधी डाव्या हाताची दोन बोटं वर करायचो, दुसरा गिअर. आरशात त्याचा हेडलाइट स्थिर दिसायचा, आणि इंजिनचा तो घुमणारा आवाज मागून सतत यायचा. इतक्या वर्षांत मला तो आवाज एवढा आवडला नव्हता.

यानंतर आमच्या गटात जे बदललं ते थोडकंच आहे. सगळ्यात नवखा चालक लीडच्या मागे दुसऱ्या नंबरला, कधीच शेवटाला नाही. दुपारी तीननंतर पश्चिमेचा घाट उतरायला घ्यायचा नाही. उशीर झाला तर वर मुक्काम. निघण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहून बोलायचं, आणि ते बोलणं मी करत नाही, तो सव्वीस वर्षांचा मुलगा करतो. त्यानं सुरुवातीला फार आढेवेढे घेतले. पण लहान माणसाला पहिल्याच दहा मिनिटांत मोठ्यांना सूचना करायला लावलं की पुढच्या दिवसभरात हॉर्न द्यायला त्याचा हात अडखळत नाही, हे मी आता तीन सहलींत पाहिलंय. तीन लांब हॉर्न म्हणजे सगळ्यांनी थांबायचं, कारण नंतर. मागे बसणाऱ्यालाही तोच हक्क: खांद्यावर दोनदा थाप पडली की चालवणाऱ्यानं पहिल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यायची. वास आला, आवाज आला, भीती वाटली, काहीही चालेल.

इंटरकॉम घ्यावेत का, यावर आमचं अजून एकमत नाही. मला ते हवेत. दोघांना वाटतं की कानात बोलणं सुरू झालं की रस्त्यावरचं लक्ष उडतं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि आम्ही अजून घेतलेले नाहीत.

जानेवारीत दादा आणि वहिनी पुन्हा आंबेनळीनं उतरले. या वेळी महाबळेश्वरहून सकाळी नऊला, ऊन पाठीवर घेऊन, वहिनींच्या पायात घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. मी दुसऱ्या नंबरला होतो, लीडला दादा. वाड्याच्या पुढे चार किलोमीटरवर वहिनींनी त्याच्या खांद्यावर दोनदा थाप मारली. आम्ही सगळे रुंद जागा बघून थांबलो. काही झालं नव्हतं. त्यांना ते वळण चालत जाऊन बघायचं होतं. गटाराच्या कडेच्या दगडावर लेग गार्डचा पांढरा ओरखडा अजून होता. त्या परत आल्या, मागच्या चाकापाशी वाकल्या, डिस्कच्या जवळ तळहात नेला आणि थोडा वेळ तसाच धरला.

"कोमट आहे," त्या म्हणाल्या, आणि हेल्मेटचा पट्टा लावायला लागल्या.